डाव्या मडगार्डातली वीतभर पुट्टी

आमच्या दौंडच्या घरासमोर शेवग्याखाली एक मोटार वीस वर्षं उभी होती. काळी, गोल टपाची, जुन्या काळच्या जाड पत्र्याची. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर वडिलांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली, काही वर्षं चालवली आणि पत्रा गंजत गेला तशी झाकून ठेवली. पुण्यातली वर्तमानपत्राची नोकरी सोडून मी घरी आलो, तेव्हा आम्ही दोघांनी तिचा पत्रा नीट करून घ्यायचं ठरवलं.

काम करायला आले ते गल्लीच्या टोकाला राहणारे डेंटर. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वरवंडजवळ हायवेला त्यांचं गॅरेज होतं. हल्ली दार चेपलं की नवं दार बसवतात. चेपलेलं ठोकून सरळ करणारा माणूस फारसा लागत नाही. गॅरेज बंद करून चाचांनी हातोड्यांची पेटी घरी आणून ठेवली होती. आमच्या गाडीसाठी ती पुन्हा उघडली.

पहिल्याच दिवशी ते वडिलांना म्हणाले, "आप्पा, माझ्या कामात पुट्टी न्हाई. पत्र्याला पत्राच लागंल. पुट्टी निघाली तर मला पुन्हा दारात उभं करू नका."

पुट्टी म्हणजे खड्ड्यात भरायचा लगदा. वाळला की घासायचा, वर रंग मारायचा. दिसायला काम चोख. दोन-तीन पावसाळ्यांनी आतून गंज वर येतो.

वडिलांनी मान डोलावली, पण शब्दावर विश्वास ठेवण्याची त्यांना सवय नाही. त्यांची नोकरी मालगाड्यांचे डबे तपासण्यात गेली. उभ्या गाडीच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येक चाकावर हातोडी मारायची. चांगलं चाक घणघणतं, चिरलेलं बद्द वाजतं. तीच हातोडी घेऊन ते पहिल्या संध्याकाळी गाडीपाशी आले. चाचांनी ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि पत्रा पापडासारखा असतो, असं समजावलं. तोडगा आईने काढला. आमच्याकडे संध्याकाळी भाकरी असते, त्यामुळे लाटणं मोकळं असतं. त्यानंतर रोज पाच वाजता वडील लाटणं घेऊन गाडीभोवती फेरी मारू लागले.

काम दीड महिना चाललं. चाचा पत्र्यावर रॉकेलचा बोळा फिरवत आणि डोळा पत्र्याच्या रेषेत आणून बघत. ओल्या चकाकीत राहिलेली लाट दिसते. फुगलेल्या जागी गॅसची ज्योत धरायची आणि लगेच ओलं फडकं दाबायचं, की पत्रा आखडून बसतो. मी आतून लोखंडी ठोकळा धरून उभा राहायचो. माझं लक्ष फोनकडे गेलं की बाहेरून आवाज यायचा, "साहेब, ठोकळा धरा. त्याच्यावर बातमी लिवायची न्हाई."

शिरूरच्या एका गृहस्थांच्या शेडमध्ये तीन जुन्या गाड्या आहेत, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना फोन केला. रविवारी अकराला येऊन काम बघतो, पटलं तर तिन्ही गाड्या चाचांकडे देतो, असं ते म्हणाले. ऐकून चाचांनी फक्त "बघू" म्हटलं. त्यांच्या बायकोने मात्र आईला सांगितलं, की त्यांनी घरासमोरची जागा मोजून ठेवली आहे. गाड्या आल्या तर तिथे शेड टाकायची आहे.

त्या आठवड्यात गुरुवारी चाचा भाचीच्या लग्नासाठी कुरकुंभला गेले. काम जवळपास संपलं होतं. वर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा, हात बसला होता. मागच्या डाव्या मडगार्डात, चाकाच्या मागे, गंजाने खाल्लेलं वीतभर भोक तेवढं राहिलं होतं. त्याच्यासाठी कापलेलं पत्र्याचं ठिगळ त्यांनी आमच्या खिडकीत ठेवलं आणि रविवारी सकाळी आठला येऊन जोडतो, असं सांगितलं.

शुक्रवारी मी त्या भोकाकडे बराच वेळ बघत होतो. वर्तमानपत्रात पान सोडायची वेळ ठरलेली असते. त्या वेळी पानात मोकळी जागा उरली, तर हाताला लागेल तो मजकूर टाकून ती भरतात. मी हे वीस वर्षं केलं आहे. बाजारातून पुट्टीचा डबा आणला, भोकाच्या आत बारीक जाळी अडकवली, पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, वर रेड ऑक्साइड मारला. भोक कुठे होतं हे मलाही सापडेना. लग्नघरी फोन करून त्रास द्यायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती.

रविवारी शिरूरचे गृहस्थ पावणेआठलाच आले. न्हावऱ्याचा रस्ता मोकळा मिळाला, म्हणाले. त्यांच्या मागोमाग चाचा फाटकातून आत आले. त्यांनी मडगार्ड पाहिलं, मग खिडकीतलं ठिगळ पाहिलं. तोवर पाहुण्यांना काम दाखवायच्या उत्साहात वडिलांनी लाटणं फिरवायला सुरुवात केली होती. बॉनेट खणखणलं. पुढची दारं खणखणली. मागच्या डाव्या मडगार्डावर आवाज बद्द आला. वडिलांनी पुन्हा मारलं. पुन्हा बद्द.

वडिलांनी चाचांकडे पाहिलं.

"मिस्तरी, हे काय?" पाहुण्यांनी विचारलं.

चाचांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. खिडकीतल्या ठिगळाकडे बोट दाखवलं असतं, तर ते एका वाक्यात सुटले असते. ते म्हणाले, "गाडी माझ्या हाताखाली हाय. जे निघालं ते माझं."

"ते मी भरलंय," मी म्हणालो. "परवा. चाचांना माहीत नाही."

 मग वडील पाहुण्यांना सांगू लागले, "आमच्याकडं एकजण होता. चाकाला चीर सापडली की वर रंग लावायचा. त्याची बदली करावी लागली. ह्याची कुठं करू?"

आधी पाहुणे हसले, मग चाचा.

चाचांनी छिन्नी आणि हातोडी माझ्या हातात दिली. "काढा साहेब. छापलं तुम्ही, खोडा बी तुम्हीच."

पुट्टी भरायला मला एक तास लागला होता. काढायला दोन लागले. जाळीचे तुकडे निघता निघेनात. तिघे खुर्च्या टाकून बसले आणि पोहे खात सूचना देत राहिले. जागा साफ झाल्यावर चाचांनी ठिगळ बसवून चार टोकांना वेल्डिंगचे टाके मारले, मग टाक्यांच्या मधलं अंतर भरत गेले. प्रत्येक टाक्यावर ओलं फडकं. मग हातोडी, कानस, पुन्हा हातोडी. पाहुणे खुर्ची सोडून शेजारी उकिडवे बसले होते. शेवटी वडिलांनी लाटणं मारलं. मडगार्ड दारांसारखंच वाजलं.

तयार गाडी बघून कुणी काय केलंय ते कळत नाही, आज डोळ्यांसमोर बघितलं हे बरं झालं, असं पाहुणे म्हणाले. तिन्ही गाड्या देतो म्हणाले. फक्त माझ्या हाती कसला डबा देऊ नये, एवढी अट त्यांनी घातली.

पहिली गाडी दहा दिवसांनी टेम्पोवरून आली. चाचांच्या घरासमोर शेडचे खांब उभे होते, वर पत्रे यायचे होते. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बाह्या दुमडल्या. दार उतरवायला दुसरा माणूस हवा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "या. धरा."