उर्पोचा काटकसरी सौना

आमच्या योएन्सूतल्या नव्या वसाहतीचा इंजिनियर उर्पो केट्टुनेन. पर्यावरणाचा ठेका जणू एकट्या ह्यालाच दिलेला! दर शनिवारी आम्ही शेजारीपाजारी जिथं घाम काढायला जमायचो, त्या सामायिक सौनाच्या शेगडीला ह्या शहाण्यानं सेन्सर बसवला. आत माणूस असेल तरच शेगडी चालू होणार, म्हणे वीज वाचते. शेगडी तापायला तास लागतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही टॉवेल गुंडाळून थंड फळ्यांवर कुडकुडत बसायचो.

शेवटी आमच्या शेजारच्या हिल्क्काआजींनी त्याला गाठलंच. “काय रे, तू स्वतः बसलायस का कधी इथं?”

“आजी, विजेचे आकडे तर बघा!”

“आकडे बघून घाम येतो होय रे, मेल्या?”

हळूहळू लोकांनी सौनात जाणंच सोडलं. शेजारी जिन्यातही बोलेनासे झाले. सौनाचं मीटर मात्र शून्यावर आलं आणि उर्पोला ‘आदर्श शेजार’ घडवल्याबद्दल बक्षीस मिळालं.

समारंभाला स्वारी उशिरा उगवली. केस ओले, गाल लालबुंद. तळ्याकाठी स्वतःच्या घरी, लाकडं जाळून दुपारपासून तापवलेल्या सौनातून थेट आला होता.