पुठ्ठ्याची गल्ली

शिरूरचं आमचं घर भाड्याचं होतं, पण माझा जन्म तिथला. मालकानं ते पाडून गाळे काढायचं ठरवलं, तेव्हा आई, बायको आणि मी रांजणगावात कंपनीजवळ एका खोलीत राहायला आलो. आईला तिथं करमेना. आजूबाजूला सगळे बिहार, ओडिशाकडचे. बोलणार कुणाशी?

मग मी कंपनीतले टाकाऊ खोके आणून आमची शिरूरची गल्ली बनवायला घेतली. पुठ्ठा कापायचा, चिकटवायचा, रंगवायचा. पिठाची गिरणी, शिंपीचाचांचं दुकान, मधोमध आमचं घर. आई कॉटवर बसून चुका काढायची.

"गिरणीची पायरी उंच व्हती. दळण घिऊन चढायचे मी. इसरंन व्हय?"

मी पायरी उंच करायचो. गल्ली कॉटएवढी लांब झाली. आई त्या दिवसांत पोटभर जेवायची.

पुढं या खोलीच्या मालकानं अख्खी चाळ एका कंत्राटदाराला दिली आणि आम्हाला निघावं लागलं. नवी खोली दुसऱ्या मजल्यावर मिळाली. जिना अरुंद. मी आणि बायकोनं गल्ली आडवी धरली, उभी धरली, तिरकी करून पाहिली. वळणावर ती अडकायचीच. खाली टेम्पोवाला खोळंबला होता.

"कापा न्हाईतर ठिवा हितंच. मला दुसरी खेप हाय."

आई टेम्पोत पुढं बसली होती. मी कटर घेऊन तिच्याकडं गेलो. "कुठनं कापू?"

"कुठनं बी काप. घराला लावू नको."

पण दुसरीकडं कुठंही कापलं तरी एक तुकडा लांबच राहत होता. मी घरातूनच कापलं. आई दुसरीकडं बघत होती.

वर नेऊन दोन्ही तुकडे भिंतीला टेकवले. म्हणालो, "उद्या जोडतो."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्यानंतर तिनं गल्लीचा विषय काढला नाही. थंडीत ती गेली. डॉक्टर फुप्फुसाचं म्हणाले. असेल.

तेरावं झाल्यावर मी तुकडे जोडले. सांधा दिसत नाही, असं बायको म्हणाली. मला तेवढाच दिसत होता. नवं काही करावं म्हणून बसलो, तर हात चालेना. कुणाचं घर करायचं, तेच कळेना.

शेवटी एका शाळेनं प्रदर्शनासाठी गल्ली मागितली. जिन्यावरून उतरवायला मी सांधा पुन्हा सोडवला. न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "खाली पाटीवर काय लिहू?"

"काहीच नको," म्हणालो. प्रदर्शन संपल्यावर गल्ली परत आणायला मी गेलो नाही.