पंचशीलाबाईंचा 'हाव'

अहमदपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या पंचशीलाबाई सोनकांबळे यांचं शिकवायला नायजेरियाला जायचं ठरलं, त्याच साली लातूर जिल्हा नवा झाला आणि पावसानं दडी मारली. पासपोर्टच्या अर्जावर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेला. अर्ज पोचेपर्यंत गाव लातूर जिल्ह्यात गेलेलं. जुन्या कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही आता आमच्या न्हाईत." नव्या कचेरीतला म्हणाला, "अजून आमच्या बी न्हाईत." चार महिने बाई कुठल्याच जिल्ह्यात नव्हत्या.

तेवढ्या काळात हैदराबादचं प्रशिक्षण उरकलं. तिथले सर ओठांपुढं कागदाची पट्टी धरायला लावत. 'पेन' म्हटलं की तोंडच्या वाऱ्यानं पट्टी हलली पाहिजे. बाईंची पट्टी आठ दिवस ढिम्म. नवव्या दिवशी त्या चिडून 'फेन!' म्हणाल्या आणि पट्टी फडफडली. सर खूश! दुसरा नियम असा की वर्गात मायबोलीचा शब्द काढायचा नाही. बाईंनी सगळे शब्द गिळले, फक्त होकाराचा 'हाव' काही गिळता येईना.

शेवटी नव्या कचेरीनं बाईंना आपलं म्हटलं आणि पासपोर्ट आला. निघताना धुरपताबाई, म्हणजे त्यांची माय, रोजगार हमीच्या कामावरून खडी फोडून नुकतीच आलेली. ती म्हणाली, "तिकडं बी पाऊस न्हाई म्हनं. मग इथलाच दुष्काळ काय वंगाळ हाय?"

"माय, तिकडं ज्वारी पिकती."

"इथं बी पिकती की, पाऊस पडला तर."

बाईंनी ट्रंक उचलली.

शाळा उत्तर नायजेरियातली, मुलींची. तांबडी धूळ, उन्हानं तापलेले पत्रे आणि वर्गात पन्नास पोरी. बाईंना आठवडाभर घरची आठवण येऊन रडू येई. मग बाजारात ज्वारी दिसली, भाकरी थापली आणि जीव थाऱ्यावर आला. पोरी हुशार होत्या. बाई काय शिकवतात ते तर उचलत होत्याच, पण बाई कशा बोलतात तेही उचलत होत्या. महिन्याभरात अख्खा वर्ग होकाराला 'हाव' म्हणू लागला. बाईंना ते इतकं घरचं वाटे, की चूक आहे हे ध्यानातच आलं नाही.

आणि एके दिवशी इन्स्पेक्टर साहेब आले. उंचेपुरे, पांढरा झगा, मोठे हौशी. बाईंना मागच्या बाकावर बसवून त्यांनी स्वतःच कर्मणी प्रयोग शिकवायला घेतला. 'बिंता आंबा खाते. आंबा बिंताकडून खाल्ला जातो.' मग इंग्रजीतच विचारलं, "कळलं?"

"हाव!" वर्ग गरजला.

साहेबांना ऐकू आलं 'हाऊ', म्हणजे कसं? त्यांनी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. "आता कळलं?"

"हाव!"

मागं बाईंच्या ध्यानात घोटाळा आला. त्या हातवारे करून 'नको, नको' खुणावू लागल्या. बाई जोर द्यायला सांगतात असं समजून पोरींनी आणखी मोठ्यानं 'हाव' ठोकला. साहेबांनी झग्याच्या बाह्या वर केल्या. बिंता नावाच्या पोरीला पुढं बोलावलं, स्वतः आंबा झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "मी खाल्ला जातोय!" पोरी हसून बाकावरून पडायच्या बेतात. साहेब घामाघूम.

आता बाईंना राहवेना. उठून त्यांनी सगळं कबूल केलं: हा शब्द आमच्या गावचा, अर्थ 'होय', चूक माझी.

साहेबांनी बाह्या खाली केल्या. मग म्हणाले, "म्हणजे यांना पहिल्यांदाच कळलं होतं?"

"हाव," बाईंच्या तोंडून निसटलं.

साहेब एवढे हसले की हाजिया, म्हणजे हजला जाऊन आलेल्या मुख्याध्यापिका, काय झालं म्हणून धावत आल्या. अहवालात साहेबांनी लिहिलं, की या बाईंच्या मुलींना एकदा सांगितलेलं पुरतं. त्या जोरावर बाईंची एका वर्षाची नेमणूक आणखी दोन वर्षांसाठी वाढली. बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'येस' लिहून आठवडाभर घोकून घेतलं. पोरींनी ते साहेबांसाठी ठेवलं. बाईंना उत्तर जुनंच.

तीन वर्षांनी बाई एसटीतून अहमदपूरला उतरल्या. त्यांना वाटलं, माय विमानाचं विचारील, नाहीतर इंग्रजीचं. धुरपताबाईंनी लेकीच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "तिथल्या लेकरायला पानी कुठून आणावं लागायचं गं?"

दोघी बोलत बोलत घराकडं निघाल्या.