डॉक्टर इस्सा गावी गेले

ड्रेस्डेनच्या स्टेशनवर डॉक्टर इस्सांना निरोप द्यायला आमचा अर्धा गायनॅक वॉर्ड आला होता. दोन सुटकेसेस, एक खोकं आणि हिवाळ्याचा जाड कोट. गाडी लागली तसा त्यांनी कोट काढला आणि बायकोच्या, काट्रिनच्या, हातात दिला. "तिकडे काय करू याचं?" ते म्हणाले. आम्ही हसलो. काट्रिन हसली नाही. दोन्ही मुलींच्या शाळेमुळे ती मागेच राहणार होती.

घानाच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातला हा माणूस. जर्मनीत येऊन डॉक्टर झाला, आमच्या डोंगराळ गावातल्या छोट्या हॉस्पिटलात ओबरआर्ट्स्ट, म्हणजे वॉर्डातला सिनियर झाला, आणि आता निवडणूक लढवायला परत निघाला होता.

मी परभणीहून निघाले तेव्हा आईने शिदोरी बांधून दिली होती, आणि बाबा एवढंच म्हणाले होते, "तिकडं नीट राहा. इकडचं आम्ही बघून घेऊ." त्या वाक्याच्या जोरावर मी बरीच वर्षं निर्धास्त काढली. नवरा मंदार ड्रेस्डेनच्या चिप फॅक्टरीत, मी या हॉस्पिटलात. सुरुवातीला राऊंडला माझं जर्मन ऐकून पेशंट गोंधळायचे. डॉक्टर इस्सा बाजूला घेऊन सांगायचे, "हळू बोल. चुकलीस तरी हळू चूक. घाईने चुकणाऱ्या डॉक्टरची लोकांना भीती वाटते." जर्मनी मला कोणी शिकवली असेल तर ती या आफ्रिकन माणसाने.

दरवर्षी सुट्टीत ते गावाकडे जाऊन तिथल्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करायचे. एका वर्षी परत आले ते थेट कामाला लागले. बऱ्याच दिवसांनी कँटीनमध्ये बोलले. अडलेल्या एका बाईला तीनचाकीत घालून आणत होते. वाटेत नदी, आणि नदीला पूर. बाई पलीकडच्या काठावरच दगावली. "मी इकडे हात धुऊन उभा होतो," ते म्हणाले. "सगळं तयार होतं. पूल बांधायचं ऑपरेशन मला येत नाही."

ते राजकारणात जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, माणूस दमलाय.

त्यांच्याकडचा कायदा असा की खासदार व्हायचं तर दुसऱ्या देशाचं नागरिकत्व चालत नाही. त्यामुळे जाण्याआधी त्यांनी जर्मन पासपोर्ट परत केला. आणि त्याच सुमारास मी तो मिळवण्यासाठी धडपडत होते. आपल्याकडेही दोन पासपोर्ट चालत नाहीत, म्हणजे भारताचा सोडायचा. त्यांना म्हटलं, "तुम्ही सोडताय तेच मी घेतेय. आपल्यातलं कोण चुकतंय?"

"कोणीच नाही," ते म्हणाले. "पण दोघांनाही दुखणार."

पहिली निवडणूक ते हरले. विरोधक गावोगाव सांगत फिरले, 'हा जर्मन आहे, हरला की विमानात बसेल.' आम्हालाही तसंच वाटलं. वॉर्डात त्यांच्यासाठी जागा रिकामी होती आणि आमच्या शेफने, म्हणजे वॉर्डप्रमुखांनी, फोनही केला. ते आले नाहीत. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात बाळंतपणं करत राहिले. काट्रिन तिथे काही महिने राहून आली. "संसार आहे," ती मला म्हणाली, "पण जास्त करून फोनवर." पुढच्या निवडणुकीत त्याच गावांनी त्यांना निवडून दिलं. विमानात न बसलेला माणूस त्यांनी पाहिला होता.

पूल झाला. एकच झाला, आणि त्यालाही वर्षं लागली. त्यांनी फोटो पाठवला, त्यात पुलावर नुसत्या शेळ्या. मी अभिनंदन करायला फोन केला तर म्हणाले, "ऑपरेशन झालं की बाई बाळ घेऊन माझ्यासमोरून घरी जायची. इथे कोण वाचलं ते मला कळतच नाही. बैठकांमध्ये बसून हात रिकामे वाटतात." मग म्हणाले, "पण परत येणार नाही."

गेल्या हिवाळ्यात आमच्या हॉस्पिटलातला प्रसूतिवॉर्ड बंद करायचं ठरत होतं. राटहाउसमध्ये, गावच्या नगरपालिकेत, सभा होती. मी मागे बसायला गेले होते. कोणीतरी म्हणालं, बायका शहरात जातील, रस्ता चांगला आहे. माझी मी कधी उठले ते कळलं नाही. बर्फ पडला की घाटात गाड्या कशा अडकतात ते मी सांगितलं. हळू बोलले. चुकलेही. "बाय उन्स," मी म्हणाले, म्हणजे आमच्याकडे, "आमच्याकडे बाई वाटेत मरता कामा नये." पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या सुईणीने टाळी वाजवली, मग इतरांनी. वॉर्ड निदान वर्षभरासाठी तरी वाचला.

घरी मुलीला, अन्वीला, मराठीतून सगळं सांगितलं. ती जर्मनमध्ये म्हणाली, "छान केलंस, मामा." इकडे आईला मामाच म्हणतात. मला अजून त्याची सवय होते आहे.

रविवारी आईचा फोन आला. शेजारच्या सुनेला बाळंतपणासाठी ऐनवेळी नांदेडला हलवावं लागलं, रस्त्यात फार हाल झाले, असं ती सांगत होती. "अरेरे," मी म्हणाले. वाईट वाटलं, पण नुसतं वाईटच वाटलं. राटहाउसमध्ये मला उठवणारा राग त्यात नव्हता. परभणीतल्या सभेत मागच्या खुर्चीवरसुद्धा माझी जागा उरलेली नाही, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मग मी तिला इथल्या सभेचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लोकांनी ऐकलं का गं तुझं?"

"ऐकलं."

"मग झालं की ते तुझं गाव."

ती हे आनंदाने म्हणाली की कसं, ते आवाजावरून कळेना. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, अन्वीचा खोकला कमी झाला का.