टाकीच्या जोडाला कोणतं सिलिकॉन

रविवार, जानेवारीचा दुसरा आठवडा, सकाळचे नऊ. हजर: मी, माझा नवरा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बाहेर जाणं बंद झालं, म्हणून माशांची ही काचेची टाकी आणली. महिन्याभरात तळाचा जोड गळू लागला. तो सिलिकॉननं बुजवला, तर चार दिवसांत सगळे मासे उलटे तरंगले. नंतर करडी गावच्या तलावातून सात आणले आणि टबात ठेवले. सासूबाईंनी बजावलं होतं, "हे मेले तं माह्यासमोर पुन्हा मासे आनू नका."

आधीची सिलिकॉनची ट्यूब नवऱ्यानं निवडली होती, बिनवासाची म्हणून. तो तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला. गोदामात कीड मारायच्या विषारी गोळ्या ठेवल्या की वास येताच पळायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. मी ती रिकामी ट्यूब काढून वाचली: बाथरूमसाठी, बुरशीरोधक. बुरशीचं औषध पाण्यात उतरलं, तर मासे जगतील कसे? लगेच कागद घेऊन यादी केली. शंभर टक्के सिलिकॉन हवं. बुरशीचं औषध नको. माशांच्या टाकीला चालतं, असं वर छापलेलं हवं. तशी ट्यूब पहिल्या दोन दुकानांत नाही. तिसऱ्यात होती!

जुना थर ब्लेडनं पार खरवडला, कारण जुन्यावर नवं धरत नाही. काच स्पिरिटनं पुसली. ट्यूबचं टोक कापलं आणि नवरा मागे सरकला.

"काय आनलं तू? हे तं नाकात जाऊन राहिलं!"

"व्हिनेगरसारखा वास आहे. सुकलं की उडतो."

"आन नाही उडाला तं?"

"तं तुमी गोदामात झोपा."

सासूबाई म्हणाल्या, "याले आताच पाठव वं."

जोड भरून सुकायला ठेवला. आठवडाभर नवरा रोज टाकीत डोकं घालून हुंगायचा. सातव्या दिवशी म्हणाला, "काहीच नाही येत." खाली वर्तमानपत्र अंथरून टाकी काठोकाठ भरली. सकाळी कागद कोरडा ठणठणीत! मी टाळीच वाजवली. दोनदा पाणी बदललं, तिसरं भरून तसंच राहू दिलं.

यादीत आता एकच काम: आधी एकच मासा सोडून तो जगतो का, दोन दिवस पाहायचं. जाळी घेऊन मी सासूबाईंना विचारलं, "कोणता सोडू?"

त्यांनी टबातले सातही मासे बोटानं मोजले. "मी नाही सांगत. तूच सांग."

मलाही निवडवेना; जाळी टबाच्या काठावर ठेवली. यादीत त्या कामापुढे झाल्याची खूण अजून नाही.