मेन्सा सरांच्या जागी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे.

इथे जपानमध्ये, त्सुकुबाच्या विद्यापीठात मी मातीवर संशोधन करते, ते मेन्सा सरांमुळे. सर घानाचे, आमच्या विभागातले एकमेव कृष्णवर्णीय प्राध्यापक. मी पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले आणि सहा वर्षं घरी बसले. सरांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, "उद्यापासून ये." मुलगी आजारी पडली की माझे नमुने ते स्वतः तपासायचे. एवढं कोण करतं हो? आईवडील सोडले तर या माणसाइतकं मला कुणी दिलेलं नाही.

सरांचा जीव होता तो शाळांतल्या तासावर. दर वर्षी ते आसपासच्या प्राथमिक शाळांत माती शिकवायला जायचे, मी मदतीला. मुलं गांडुळं बघून किंचाळायची, सरांच्या हाताला लोंबकळायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग एक कागद आला. इथे असे कागद टेबलाटेबलावरून फिरतात आणि प्रत्येकाने त्यावर संमती म्हणून आपल्या आडनावाचा शिक्का मारायचा असतो. एका शाळेच्या मते मुलं सरांना बिचकतात — तेव्हा यापुढे त्यांच्याऐवजी मी जावं, असं त्यात होतं. सरांच्या टेबलावर तो गेलाच नव्हता.

मीही परदेशीच की! मग फरक कशाचा? मी गव्हाळ — लग्न जमवताना माझ्या बायोडेटात हाच शब्द होता. कागद वाचून मला — सांगूनच टाकते — बरं वाटलं. राग नंतर आला.

हे खोटं आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्याच महिन्यात माझा करार वाढायचा होता, पण ते कारण म्हणून सांगत नाही. मी शिक्का मारला. इथल्या रीतीप्रमाणे वरिष्ठांच्या शिक्क्याकडे किंचित झुकवून, अगदी नीट.

सरांना वाटलं, वरूनच ठरलं. त्यांनी मला समोर बसवून अख्खा तास समजावला, आपल्या मातीच्या बरण्या दिल्या. "शेवटी मुलांना हात घालू दे. त्यासाठीच येतात ती." मी मान हलवली.

आता सर निवृत्त होऊन घानाला परतलेत. परवा एका शाळेचं आभाराचं पत्र आलं, ते मी त्यांना पाठवलं. लगेच उत्तर आलं — तुझा अभिमान वाटतो.

मी लिहिलं, सर, सगळं तुमच्यामुळे. तेवढंच लिहिलं.