झुलालचा डावा अंगठा

झुलाल हे नाव म्हाताऱ्याचं वाटतं, आणि ते होतंही म्हाताऱ्याचंच. आजोबा गेले त्याच महिन्यात हा जन्मला, तेव्हा घरच्यांनी चांगलं चालतं नाव वाया जाऊ दिलं नाही. धरणगावात त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरवरची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही जळालेली मोटार आणा. झुलाल ती उघडणार, काळी पडलेली तार उपसून काढणार, नवी भरणार आणि वर सांगणार की चूक मोटारीची नव्हती, तुमची होती. चाळिशीला टेकलेला हा बाप्या दुपारी शटर अर्धं ओढून आतल्या टीव्हीवर बंदुका चालवतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पण दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मग खेळेना का बिचारा, असं म्हणून गावाने त्याला केव्हाच सोडून दिलं होतं.

खरं सांगायचं तर तो निम्माच खेळायचा. उरलेला निम्मा खेळ त्याच्या धाकट्या बहिणीचा, कोकिळाचा.

त्याचं असं झालं. दुकान नवं होतं आणि कोकिळा कॉलेजात होती, त्या काळी झुलालने जळगावहून एक जुनं खेळयंत्र आणलं. त्याबरोबर हातात धरायचं रिमोट एकच, आणि खेळही एकच : निळ्या चंद्रावर उतरलेला एक शिपाई, बर्फाखालचे बोगदे आणि त्यात सहा पायांचे लोखंडी विंचू. रिमोट कुणी धरायचं यावरून बहीणभाऊ असे भांडले, की माय हातातली भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली. मायचा, म्हणजे भागाबाईंचा, न्याय साधा. ज्याच्यावरून भांडण, त्याचे दोन तुकडे.

"एकच शे ना? मंग दोन्ही जन धरा," ती म्हणाली. "अर्धं तुन्हं, अर्धं तिन्हं."

आणि त्यांनी खरोखर तसंच केलं. डावी बाजू झुलालची, म्हणजे चालणं त्याच्याकडे. उजवी कोकिळाची, म्हणजे बघणं आणि गोळी घालणं तिच्याकडे. खांद्याला खांदा लावून, एक रिमोट दोघांनी धरून, त्यांनी तो अख्खा चंद्र पालथा घातला. कोकिळाचा नेम पक्का होता. झुलालचा डावा अंगठा मात्र जन्माचा वाटचुका. तो शिपायाला भिंतीवर आपटायचा, दरीत घालायचा, आलेल्याच बोगद्यातून परत न्यायचा. "भाऊ, तुले सोतानी गल्ली तरी सापडस का रे?" असं म्हणून कोकिळा हसून हसून आडवी व्हायची. त्या चुकण्यातच त्यांना खेळातल्या अर्ध्या गमती सापडल्या होत्या.

शिपायाच्या सोबतीला एक विमान चालवणारी बाई होती. सारखी रागवायची, म्हणून कोकिळाने तिचं नाव ठेवलं मावशी. पहिल्या भागाच्या शेवटी मावशी शिपायाला बाहेर ढकलते आणि मागचं दार आतून लावून घेते. तिथेच खेळ संपतो. मावशी मेली की जगली? कोकिळा म्हणे जित्ती शे, झुलाल म्हणे मरेल शे. शेवटी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी पैज लागली, कारण आखाजीला पत्ते कुटले काय आणि पैजा लावल्या काय, खानदेशात पाप लागत नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला निंबाच्या झोक्यावर बसवायचं आणि जिंकणारा पुरे म्हणेपर्यंत झोके द्यायचे. कोकिळा तर लहानपणापासून कधी पुरे म्हणालीच नव्हती. "आखो वर, भाऊ, आखो वर!" चालूच. शेवटी माय येऊन पाटच धरायची.

दुसरा भाग लवकर आला नाही. मध्ये कोकिळाचं लग्न झालं, ती शिंदखेड्याला गेली, तिला पोरगी झाली. झुलालची बायको होऊन मोहिनी घरात आली. आणि मग यंदाच्या हिवाळ्यात दुसरा भाग निघाला. कोकिळाचा फोन त्याच दिवशी. घरात सासू बसलेली असणार, आवाज दबका.

"भाऊ, मी ऊनू म्हनजेच लावजो. आखाजीले येस मी."

"तू येशी तवच लावसूत," झुलाल म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला होता. वाईट माणूस नव्हताच तो.

खेळाचं पाकीट आलं, कपाटात गेलं. दर रविवारी कोकिळा विचारायची, फोडलं तर नाही ना? तिने तिकडे दिराला तंबी दिली होती, की माझ्यासमोर त्या खेळाचं नाव काढायचं नाही. मोबाइलवर कुठे निळा चंद्र दिसला, की ती बोटाने झटकन वर सारायची. मावशीचं काय झालं हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

झुलालने थंडी काढली. पण शिमग्याच्या सुमारास मोहिनी बोदवडला माहेरी गेली, माय झोपली की घर सामसूम व्हायचं, आणि त्या पाकिटाने कपाटातून त्याला हाका मारायला सुरुवात केली. नुसतं पहिलं दार उघडून बघू, तो स्वतःला म्हणाला. एका दाराने काय होतं? पण चटक लागलेल्या मांजराने दुधाला नुसतं नाक लावलंय असं कधी ऐकलंय? एकेक दार करत तो शेवटच्या दारापर्यंत गेला, आणि कळायच्या आत मावशीच्या समोर उभा राहिला.

मोहिनी परत आली ती नेमकी त्याच्या तावडीत. ताटावर बसल्या बसल्या झुलाल तिला दुसरा भाग समजावू लागला. बंदूक कशी हातात वजनदार वाटते. बर्फावर उजेड असा पडतो, की अंगात हुडहुडी भरते. विंचू आता वेड्यासारखे अंगावर येत नाहीत, दोघं समोरून गुंतवतात आणि तिसरा मागून येतो. कारागिराचं काम कारागिराला कळतं, ते त्याने मोकळेपणाने मान्य केलं. पण दोषही फार. फुकटची खोगीरभरती, हे गोळा करा, ते गोळा करा. खलनायक मारायच्या आधी भाषण ठोकतो. मावशी थेट शेवटी येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो बाण. पडद्यावर सारखा पिवळा बाण : इकडे वळा, तिकडे वळा, हे दार उघडा. चुकायची सोयच ठेवलेली नाही.

"आपल्याला काही शोधूच देत नाही गं तो," झुलाल कळवळून म्हणाला. "सगळं आधीच सांगून टाकतो. मग खेळायचं कशाला?"

"हे मला नका सांगू," मोहिनी ताट उचलत म्हणाली. "कोकीताईंना फोन करा आणि खरं काय ते सांगून टाका. आत्ता रागावतील, आखाजीपर्यंत विसरतील."

ती सांगत होती ते सोळा आणे खरं होतं. झुलालने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भलतंच केलं. वायरीवरची नळी आवळायला त्याच्याकडे गरम हवेचं पिस्तूल असतं. त्या पिस्तुलाने झुलालने पाकिटावर नवं प्लास्टिक असं चढवलं, की कंपनीनेही चूक काढली नसती. यंत्रातला आपला सगळा खेळ पुसून ते कोरं केलं. जन्मभर लोकांच्या जळक्या मोटारी नव्या करून दिल्या. स्वतःची खोटी गोष्टही तशीच भरून निघेल असं त्याला वाटलं.

आखाजीला कोकिळा आली. रस झाला, सांजोऱ्या झाल्या, पोरगी आजीजवळ झोपली, आणि कोकिळा पदर खोचून टीव्हीसमोर बसली. पाकीट तिने दातांनी फाडलं. "कितला दिन व्हयनात रे!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला, की झुलालने नजर फिरवली.

तिला आनंद व्हावा म्हणून त्याने एक काम आवर्जून केलं. सुरुवातीलाच तो पिवळा बाण बंद करून टाकला. "आपू पहिलेसारखं हुडकत जासूत," तो म्हणाला. मोहिनीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

एक रिमोट, दोन हात. कोकिळाचा नेम अजून तसाच होता, पहिलाच विंचू तिने हवेत टिपला. पुढे मोठं दालन लागलं. ती छत न्याहाळत होती, इतक्यात झुलालच्या अंगठ्याने शिपायाला खांबाआड सरकवलं. छतावरून विंचू पडले ते त्यानंतर. पुढे तीन बोगदे लागले, सारखे, अंधारे. तिने उजवीकडच्यात डोकावायला तोंड वळवलं, पण शिपाई मधल्यात शिरला होता. न अडखळता तो दारापाशी पोचला.

कोकिळाने आपला हात काढून घेतला.

"बाण तं बंद शे," ती म्हणाली. "मंग तुले वाट कसी मालूम?"

नशिबानं सापडली म्हणावं, तर इतक्या वर्षांत त्या अंगठ्याला नशिबानं एक दार सापडलं नव्हतं, आणि ते कोकिळाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बठ्ठा खेळी टाका ना तू?"

"हा," तो म्हणाला. त्याला रडू यायला लागलं होतं. "कोकी, चुकनं मन्हं. ऱ्हावायनं नही."

ती भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फाडलेलं प्लास्टिक उचललं, उलटसुलट करून पाहिलं, त्यावरची सफाई ओळखली आणि घडी घालून खाली ठेवलं.

"सांगी दे मंग. मावशीनं काय व्हयनं?"

"तू देख ना सोता. मी हात लावत नही. तू एकटी खेळ."

"एकटी खेळानं व्हतं तं शिंदखेड्याले खेळनी ऱ्हातू. सांग."

झुलालने सांगितलं. मावशी जिवंत आहे. केस पांढरे झालेत. इतकी वर्षं ती त्याच दाराआड बसून होती, दार उघडलं तर शिपायावर आधी रागावते आणि मग त्याचा चेहरा चाचपते. सांगताना त्याच्या ध्यानात आलं, की हे बघताना आपल्याला काहीच वाटलं नव्हतं. खेळ खराब, म्हणून त्याने सगळं खापर बाणावर फोडलं होतं. उजव्या बाजूला कुणी नव्हतं, हे तेव्हा सुचलंच नाही. एवढ्या वर्षांची वाट, आणि सांगायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

"म्हनजे मी जिकनू," कोकिळा म्हणाली.

"जिकनी तू."

"चाल मंग."

ऊन उतरलं होतं. गल्लीतल्या लेकीबाळी निंबाखाली गाणी म्हणत होत्या, त्यांनी जागा करून दिली. कोकिळा पाटावर बसली, दोन्ही दोर धरले. झुलाल मागे उभा राहिला आणि त्याने झोका दिला, आधी हळू, मग जोरात, मग सगळा जोर लावून. ती आखो वर म्हणेल म्हणून तो कान देऊन होता. झोका अजून फांदीच्या निम्म्यावरही गेला नव्हता.

"बस व्हयनं, भाऊ," कोकिळा म्हणाली, आणि पाय टेकवून उतरली.